सेवेत बदल, गाडी रद्द, मार्ग वळवला : शहरातल्या प्रवासात या सूचना वाचायच्या कशा

स्टेशनात शिरताना स्क्रीनवरची सूचना वाचणारे बहुतेक जण दोनच गोष्टी वाचतात : मार्गाचं नाव आणि कारण. 'हिरवी लाइन, सिग्नल बिघाड.' एवढ्यावर कोणी प्रवासच रद्द करतो, तर कोणी 'होईल सुरळीत' म्हणत गाडीत बसतो आणि भलत्याच स्टेशनवर उतरवला जातो. खरा कामाचा मजकूर मात्र न वाचताच राहतो. सेवा कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये बिघडली आहे, कोणत्या दिशेची, किती वाजेपर्यंत, आणि गाडीचं नेमकं काय होणार आहे, हे त्यात लिहिलेलं असतं.

अनोळखी शहरात ही चूक जास्त महागात पडते, कारण तिथे दुसरा रस्ता आपल्याला तोंडपाठ नसतो. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक गोंधळ क्रम उलटा केल्यामुळे होतो : आधी घाबरायचं, मग पर्याय शोधायचा, आणि सूचना शेवटी नीट वाचायची.

टप्पा 1 : निघण्याआधी आपला मार्ग सूचनेच्या भाषेत लिहून घ्या

'हॉटेलपासून संग्रहालयापर्यंत' अशी सूचना कधीच येत नाही. ती मार्ग, दिशा आणि स्टेशन या तीन गोष्टींतच बोलते. म्हणून आपला प्रवासही तसाच मांडून ठेवा. फोनच्या नोंदवहीत पुढच्या गोष्टी असू द्या :

1. मार्गाचं अधिकृत नाव, अक्षर किंवा क्रमांक. नकाशावरचा रंग पुरत नाही. एकाच रंगाच्या रेघेवरून दोन-तीन वेगळे मार्ग धावत असू शकतात. न्यूयॉर्कच्या सबवेत तर हे नेहमीचंच आहे, तिथे मार्ग अक्षराने किंवा अंकानेच ओळखायचा.
2. दिशा, म्हणजे गाडीच्या पाटीवर लिहिलेलं शेवटचं स्टेशन.
3. चढायचं, बदलायचं आणि उतरायचं स्टेशन.
4. उतरायच्या स्टेशनच्या आधीचं आणि नंतरचं स्टेशन. ही नोंद जवळजवळ कोणीच करत नाही. आपल्या स्टेशनवर गाडी थांबणार नसेल तेव्हा पहिल्यांदा हीच लागते.
5. सेवा कोणती संस्था चालवते. टोकियोत जेआर ईस्ट, टोकियो मेट्रो, तोएई आणि अनेक खासगी रेल्वे कंपन्या आहेत. एका कंपनीच्या पानावर 'सर्व सुरळीत' दिसत असताना तुमची गाडी दुसऱ्याच कंपनीची असू शकते.

दिशेबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. गोल फिरणाऱ्या मार्गाला शेवटचं स्टेशनच नसतं. बर्लिनच्या रिंग मार्गावर एस 41 ही गाडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते आणि एस 42 उलट दिशेने. टोकियोच्या यामानोते मार्गावर 'आतली फेरी' आणि 'बाहेरची फेरी' म्हणतात. अशा मार्गावर प्रवास असेल तर आपली फेरी कोणती, ते आधीच लिहून ठेवा. सूचना एकाच फेरीबद्दल असेल तर दुसऱ्या फेरीने उलटं फिरून पोहोचणं हा चांगला पर्याय असतो, आणि घाईत तो सुचत नाही.

व्हीलचेअर, बाबागाडी, जड सामान किंवा गुडघेदुखी असलेलं माणूस सोबत असेल तर लिफ्टच्या सूचना वेगळ्या शोधा. लिफ्ट बंद असली तरी गाड्या वेळेवर धावत असतात, म्हणून मार्गाच्या स्थितीत 'सेवा सुरळीत' असंच दिसतं. लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांची स्थिती अनेक ठिकाणी वेगळ्या पानावर देतात. फक्त चढायच्या आणि उतरायच्या स्टेशनची लिफ्ट पाहून थांबू नका. गाडी बदलायची आहे तिथलीही पाहा. माणूस नेमका तिथे अडकतो.

> तपासा : वरच्या पाचही नोंदी नकाशा न उघडता सांगता येतात का? येत नसतील तर पुढची कोणतीही सूचना तुमच्यासाठी आहे की नाही हे तुम्हाला कळणार नाही.

टप्पा 2 : सूचना कुठून घ्यायची ते ठरवा

'ॲपने मार्ग दाखवला म्हणजे तो चालू असणारच' हा समज सर्वांत जास्त नडतो.

बऱ्याच शहरांच्या वाहतूक संस्था आपली ताजी माहिती 'जीटीएफएस रिअलटाइम' नावाच्या ठरावीक रचनेत ॲपवाल्यांना देतात. त्यात माहितीचे प्रकार वेगवेगळे असतात : फेरीच्या वेळेतले बदल, गाडी आत्ता कुठे आहे ते, आणि सूचना. म्हणजे 'गाडी 6 मिनिटांत' हा आकडा एका ठिकाणाहून येतो आणि 'पुढचा टप्पा बंद' हे वाक्य दुसऱ्या ठिकाणाहून. ॲप दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर दाखवतं, पण त्यांचा मेळ घालतंच असं नाही. सूचनेतलं वाक्य माणसाने लिहिलेलं असतं. त्याप्रमाणे फेऱ्यांचं वेळापत्रक बदललं गेलं नसेल, तर ॲप बंद असलेल्या तुकड्यावरूनही तुम्हाला खुशाल मार्ग आखून देईल.

त्यामुळे मार्ग ॲपवर शोधायला हरकत नाही, पण सूचना संस्थेच्या स्वतःच्या पानावर किंवा तिच्याच ॲपवर उघडून पूर्ण वाचा. ॲपमधल्या पिवळ्या त्रिकोणाशेजारी सहसा फक्त मथळा असतो. त्यावर बोट ठेवल्यावर खालचा तपशील उघडतो. दिशा, थांबे आणि पर्याय त्या तपशिलात असतात.

समाजमाध्यमांवर विसंबू नका. 2023 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कची सबवे आणि बस चालवणाऱ्या एमटीए या संस्थेने ट्विटरवर ताज्या सूचना देणं थांबवलं होतं आणि मे महिन्यात ते पुन्हा सुरू केलं. मधल्या काळात तेवढंच खातं पाहणाऱ्यांना सगळं शांत आहे असंच वाटलं असतं. शिवाय तिथे मजकूर वेळेच्या क्रमाने दिसेलच असं नसतं, त्यामुळे सकाळची 'सेवा बंद' ही सूचना संध्याकाळी सगळ्यात वर येऊ शकते.

फक्त आपल्या मार्गाच्या, आणि आपल्या प्रवासाच्या वेळेपुरत्या नोटिफिकेशन चालू करा. सगळ्या शहराच्या चालू केल्या तर दुसऱ्याच दिवशी कंटाळून बंद कराल.

> इशारा : येणाऱ्या गाडीची वेळ 'प्रत्यक्ष' आहे की 'वेळापत्रकाप्रमाणे' ते ओळखायला शिका. अनेक ॲप प्रत्यक्ष वेळेला वेगळा रंग किंवा लहरींची खूण देतात. खूण नसेल तर तो छापील वेळापत्रकातला आकडा आहे, आणि तो रद्द झालेल्या गाडीचाही असू शकतो.

टप्पा 3 : सूचना ठरावीक क्रमाने वाचा

क्रम असा : कुठे, कोणत्या दिशेला, कधी, काय होणार, पर्याय काय. कारण सगळ्यात शेवटी.

एक काल्पनिक सूचना घेऊ. अशा सूचना कोणत्याही शहरात याच घाटणीच्या असतात.

> *मार्ग 4. शनिवार 14 आणि रविवार 15. टाउन हॉल ते स्टेडियम दरम्यान सेवा बंद. विद्यापीठाकडे जाणाऱ्या गाड्या टाउन हॉलपर्यंतच धावतील. बंदराकडे जाणाऱ्या गाड्या ग्रंथालय स्टेशनवर थांबणार नाहीत. बदली बस उपलब्ध. मार्ग 7 वर तिकीट ग्राह्य. कारण : रूळ बदलण्याचं काम.*

मार्ग बंदरापासून सुरू होतो असं धरा. मग ग्रंथालय, टाउन हॉल, स्टेडियम आणि शेवटी विद्यापीठ.

कुठे? बंद तुकडा टाउन हॉल ते स्टेडियम. तुम्ही बंदर ते टाउन हॉल जाणार असाल तर निम्म्याहून जास्त मजकूर तुमच्यासाठी नाहीच. इथे एक खाच आहे : 'दरम्यान' म्हटल्यावर टोकाची दोन स्टेशनं चालू की बंद? बहुतेक वेळा गाड्या टोकाच्या स्टेशनपर्यंत येऊन परततात, पण ते गृहीत धरू नका. 'टाउन हॉलपर्यंतच धावतील' असं वाक्य आहे, म्हणून टाउन हॉल चालू असल्याचं कळलं. स्टेडियमबद्दल मात्र सूचना काहीच सांगत नाही. स्टेडियम ते विद्यापीठ गाड्या सुटणार आहेत का, हेही त्यात नाही. तिथून प्रवास असेल तर कार्यालयाला किंवा स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला विचारावंच लागेल.

कोणत्या दिशेला? ग्रंथालय स्टेशनवर फक्त बंदराकडे जाणाऱ्या गाड्या थांबणार नाहीत. बंदराकडून येणाऱ्या थांबतील. म्हणजे सकाळी तुम्ही बंदराहून ग्रंथालयात अगदी नेहमीसारखे पोहोचाल. अडचण येईल ती संध्याकाळी परतताना. जाताना काही त्रास झाला नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि परतीच्या फलाटावर त्याच्या डोळ्यांसमोरून गाड्या न थांबता जातात.

यावरचा उपाय एकदा समजला की कायमचा लक्षात राहतो : आधी उलट दिशेच्या गाडीने थांबणाऱ्या स्टेशनपर्यंत जा आणि तिथून आपल्या दिशेची गाडी धरा. इथे ग्रंथालयाहून टाउन हॉल, तिथून बंदराची गाडी. उतरायचं स्टेशन गळलं असेल तर याचा आरसा करा : पुढच्या स्टेशनला जाऊन परत मागे या. टप्पा 1 मधली चौथी नोंद यासाठीच होती. न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवारच्या कामांच्या सूचनांत हाच उपाय लिहिलेला असतो.

कधी? शनिवार आणि रविवार. पण शुक्रवारी रात्री बारानंतर काय? याचं उत्तर टप्पा 5 मध्ये.

काय होणार? एकाच सूचनेत तीन वेगळे परिणाम आहेत : एक तुकडा बंद, काही गाड्या अर्ध्यावरून परत, एका स्टेशनला थांबा नाही. तिन्ही वेगळे वाचा आणि प्रत्येकाशी आपला प्रवास ताडून पाहा.

पर्याय? बदली बस आणि मार्ग 7. यातलं कोणतं निवडायचं ते पुढे.

> तपासा : वाचून झाल्यावर एक वाक्य स्वतःशी म्हणा : 'माझी गाडी अमुक स्टेशनपर्यंत जाईल, तिथून मी अमुक करीन.' वाक्य पूर्ण होत नसेल तर सूचना अजून वाचून झालेली नाही.

टप्पा 4 : परिणामाचे शब्द ओळखा

जीटीएफएसच्या रचनेत 'कारण' आणि 'परिणाम' यांचे रकानेच वेगळे आहेत. सेवा नाही, सेवा कमी, मोठा उशीर, मार्ग वळवला, जादा सेवा, सेवेत बदल, थांबा हलवला, असे परिणाम त्यात ठरलेले आहेत. प्रत्येक परिणामावर प्रवाशाने करायची गोष्ट वेगळी असते.

उशीर. सेवा चालू आहे, मार्ग तोच आहे. 'थोडा उशीर' असेल तर मार्ग बदलू नका. बदलण्यात जाणारा वेळ बहुधा उशिराहून जास्त असतो. 'मोठा उशीर' असेल तर मात्र पुढे धरायची गाडी, शेवटची बस किंवा विमान चुकेल का, एवढाच प्रश्न विचारा.

फेऱ्या कमी. याला लोक उशीर समजतात. उशिरात तुमची गाडी मागाहून येते. फेऱ्या कमी असतील तर ती येतच नाही, आणि पुढच्या गाडीत दोन गाड्यांची गर्दी असते. फलाटावरची पहिली गाडी सोडून देण्याची चैन या दिवशी करू नका.

सेवा बंद. संपूर्ण मार्ग की तुकडा, हे आधी पाहा. लंडनमध्ये यासाठी नेमके शब्द वापरतात. आधीपासून ठरलेल्या कामामुळे मार्गाचा काही भाग बंद असेल तर 'पार्ट क्लोजर', आणि अचानक बिघाडामुळे थांबला असेल तर 'पार्ट सस्पेंडेड'. ठरलेल्या कामात पर्याय आधीच आखलेले असतात आणि दिलेली वेळ बऱ्यापैकी पाळली जाते. अचानक बंद पडलेल्या सेवेत दोन्हीची खात्री नसते. तुमच्या शहरातले शब्द वेगळे असतील, पण ठरलेलं की अचानक, हा भेद आवर्जून शोधा.

मार्ग वळवला. गाडी किंवा बस धावते, पण दुसऱ्या रस्त्याने. बसच्या बाबतीत मधले थांबे गळतात. ट्रेनच्या बाबतीत ती भलत्याच मार्गाच्या रुळांवरून जाते आणि पुन्हा आपल्या मार्गाला येऊन मिळते. वळणाचे दोन बिंदू शोधा : कुठून वळणार आणि कुठे परत येणार. तुमचं स्टेशन या दोन बिंदूंच्या बाहेर असेल तर तुम्हाला फारसा फरक पडत नाही.

थांबा हलवला. ही सूचना किरकोळ वाटते, पण सगळ्यात जास्त बस हिच्यामुळेच चुकतात. जुन्या थांब्यावर पाटी तशीच असते, बाकडंही असतं, माणूस निवांत बसतो आणि बस दुसऱ्या कोपऱ्यावरून निघून जाते. थांब्याच्या खांबावर चिकटवलेला कागद वाचा. त्यावर नवा थांबा कुठे आहे ते लिहिलेलं असतं.

थेट सेवा खंडित. टोकियोत एका कंपनीची गाडी पुढे दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर सलग धावते. पलीकडे बिघाड झाला की थेट सेवा थांबवतात आणि प्रत्येक गाडी आपापल्या हद्दीतच फिरते. पाटीवर तुमचं स्टेशन नेहमी दिसत असेल आणि आज दिसत नसेल, तर हेच घडलेलं असतं. हद्दीच्या स्टेशनवर उतरून पुढची गाडी धरायची.

परदेशी भाषेतली सूचना भाषांतराच्या ॲपमधून वाचत असाल तर मूळ मजकूर शेजारी ठेवा. यंत्र स्टेशनांच्या नावांचंही भाषांतर करून टाकतं. बर्लिनमधल्या 'त्सोओलोगिशर गार्टन' स्टेशनचा 'प्राणिसंग्रहालय' झाला की नकाशावर ते नाव सापडत नाही. भाषांतरातून क्रिया समजून घ्या, नावं मात्र मूळ अक्षरांतूनच जुळवा.

टप्पा 5 : वेळ आणि तारीख चारदा तपासा

पहिलं, मध्यरात्र. वाहतुकीचा दिवस रात्री बाराला संपत नाही. शनिवारी पहाटे साडेबाराची गाडी ही वेळापत्रकाच्या हिशोबाने शुक्रवारचीच असते. जीटीएफएसमध्ये ही वेळ 24:30 अशी लिहितात, जपानमध्येही 25:00 सारख्या वेळा दिसतात. 'शुक्रवारी रात्री उशिरा सेवा बंद' म्हणजे बहुधा शुक्रवारची संध्याकाळ उलटून शनिवार लागल्यावरचे तास. 'शनिवारपासून काम' असं लिहिलं असेल तर शुक्रवारची शेवटची गाडी मिळेल की नाही, ते वेगळं पाहा. शेवटच्या गाडीने परतायचा बेत असेल तर या एका गोष्टीवर दोन मिनिटं जास्त घालवा.

दुसरं, तारखेची पद्धत. 05/06 म्हणजे अमेरिकेत 6 मे आणि युरोपात 5 जून. सूचनेत वार दिलेला असेल तर तारखेशी जुळवून पाहा. जुळला नाही तर तुम्ही तारीख उलटी वाचली आहे, किंवा सूचना जुनी आहे.

तिसरं, सूचना लिहिली केव्हा? 'शेवटचा बदल' अशी वेळ बहुतेक पानांवर असते. सूचना किती वेळ लागू आहे हा रकाना जीटीएफएसमध्ये मोकळा सोडता येतो, आणि तसं केलं तर यादीत असेपर्यंत ती दिसत राहते. म्हणून काम संपून गेलं तरी कोणी काढली नाही म्हणून राहिलेल्या सूचना सापडतात. तास उलटून गेलेल्या 'अचानक बिघाडा'च्या सूचनेवर प्रवास बदलण्याआधी येणाऱ्या गाड्यांची प्रत्यक्ष वेळ पाहा. गाड्या नेहमीच्या अंतराने येत असतील तर सूचना मागे राहिलेली आहे.

चौथं, 'अमुक वाजता सुरू होईल'. पॅरिसमध्ये सेवा थांबली की ती पुन्हा सुरू होण्याची अंदाजे वेळ जाहीर करतात. 'अंदाजे' हा शब्द पूर्ण वजनाने वाचा. वेळ एकदा पुढे ढकलली गेली तर ती पुन्हाही ढकलली जाईल असं धरून चाला आणि पर्याय घ्या. एकाच फलाटावर तीन वेळा 'अजून थोडंच' म्हणत बसण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात माणूस दुसऱ्या मार्गाने पोहोचलेला असतो.

संपाची सूचना असेल तर तिची वेळ वेगळी साधावी लागते. फ्रान्समध्ये 2007 च्या कायद्याप्रमाणे वाहतूक सेवेतल्या ठरावीक कर्मचाऱ्यांना संपात उतरणार असल्याचं 48 तास आधी कळवावं लागतं, आणि प्रवाशांना कोणत्या गाड्या धावतील ते 24 तास आधी कळतं. आठवडाभर आधी 'संप आहे' एवढंच वाचून हॉटेल रद्द करू नका. आदल्या दिवशीची यादी पाहा, निर्णय तिच्यावर घ्या.

टप्पा 6 : आता कारण वाचा

कारणावरून एकच गोष्ट काढायची : अंदाज किती भरवशाचा आहे. गाडीत कोणाची तब्येत बिघडली असेल तर मदत पोहोचून त्या माणसाला उतरवलं की गाडी सुटते, म्हणून थांबणं अनेकदा परवडतं. गाडीखाली माणूस सापडला असेल तर पोलिसांचं काम पूर्ण झाल्याशिवाय गाडी हलत नाही. लगेच पर्याय शोधा. ओव्हरहेड वायर तुटली असेल तर दुरुस्तीची गाडी त्या जागेपर्यंत पोहोचावी लागते. तिथेही थांबू नका. बेवारस बॅग सापडली असेल तर काही सांगता येत नाही : पटकन मोकळं होईल किंवा बराच वेळ लागेल. सिग्नल बिघाडात गाड्या बहुधा धावतात, पण रांगेने आणि सावकाश.

कारण दिलेलंच नसेल तर अफवा विचारत फिरू नका. परिणाम कळला असेल तर निर्णयाला तेवढं पुरतं.

टप्पा 7 : गेटमधून आत जाण्याआधी निर्णय घ्या

लोक कार्ड टेकवून आत जातात आणि मग बोर्ड पाहतात. अनेक शहरांत आत शिरून त्याच स्टेशनवरून बाहेर पडलं तरी भाडं कापलं जातं. बोर्ड बहुतेक ठिकाणी गेटच्या बाहेरही असतो. तिथेच थांबा.

निर्णय घेताना बदलाचं शेवटचं स्टेशन शोधा. म्हणजे आपल्या मार्गावरचं, बंद तुकड्याच्या अलीकडचं असं स्टेशन, जिथून दुसरा मार्ग मिळतो. वरच्या उदाहरणात बंद तुकडा टाउन हॉलला सुरू होतो. पण मार्ग 7 ला बदलायची सोय त्याआधीच्या ग्रंथालय स्टेशनवर असेल, तर तिथेच उतरा. टाउन हॉलला सगळी गाडी रिकामी होईल आणि तो सगळा लोंढा एकाच जिन्यावर येईल. एक स्टेशन आधी उतरणाऱ्याला पुढच्या मार्गावर जागा मिळते. नवख्या प्रवाशाला हे सुचत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष गाडी जिथवर जाईल तिथवर जाण्याकडे असतं.

पर्याय निवडताना साधारण असा विचार करा :

- दुसरा रेल्वे किंवा मेट्रो मार्ग मिळत असेल तर तोच घ्या, भले थोडा वळसा पडो.
- अंतर दोन-तीन स्टेशनांचं असेल तर चालण्याचा वेळ पाहा. शहराच्या मध्यभागी स्टेशनं जवळजवळ असतात, नकाशावरच्या सरळ रेघांमुळे ती लांब वाटतात.
- बदली बस शेवटी.

> इशारा : निवडलेल्या पर्यायाची सूचनाही वाचा. एक मार्ग बंद पडला की शेजारच्या मार्गावर गर्दी लोटते आणि तिथलीही स्थिती थोड्याच वेळात बदलते.

टप्पा 8 : बदली बस आणि तिकीट

बदली बस रोजच्या बसथांब्यावर येते असं समजू नका. स्टेशनच्या मागच्या दाराशी, पलीकडच्या रस्त्यावर, कधी वेगळ्याच चौकात ती उभी असते. जर्मनीत तिला 'शीनेन-एर्झात्स-फेरकेअर' म्हणतात आणि पाट्यांवर अनेकदा त्याची तीन आद्याक्षरं, एस-ई-व्ही, एवढंच लिहिलेलं असतं. शहर कोणतंही असो, अशी खूण आणि बाण जमिनीवर, खांबांवर शोधा. बसमध्ये चढताना विचारा : ही प्रत्येक स्टेशनला थांबते, की थेट शेवटच्या स्टेशनला जाते? एकाच जागेवरून दोन्ही प्रकारच्या बस सुटू शकतात. रेल्वेपेक्षा ती सावकाश जाते, म्हणून पुढची ठरलेली गाडी धरायची असेल तर लवकर निघा.

तिकिटाच्या बाबतीत सूचनेतलं वाक्य शब्दशः पाळा. 'मार्ग 7 वर तिकीट ग्राह्य' याचा अर्थ फक्त मार्ग 7 वर. लंडनमध्येही सूचनेत कोणत्या बस किंवा गाड्यांवर तिकीट चालेल ते नावानिशी देतात. जपानमध्ये 'फुरिकाए युसो' नावाची सोय आहे. बिघाड झाल्यावर दुसऱ्या कंपनीच्या गाडीने जादा पैसे न देता जाता येतं. पण ती आधी काढलेल्या तिकिटावर किंवा पासवर मिळते. कार्डात भरलेल्या पैशांतून प्रवास करत असाल तर साधारणपणे लागू होत नाही, आणि पर्यटक नेमके तसंच कार्ड वापरतात. गेटला कार्ड टेकवण्याआधी कर्मचाऱ्याला विचारा.

टप्पा 9 : 'सेवा पूर्ववत' झाल्यानंतर

'पूर्ववत' म्हणजे अडथळा दूर झाला, एवढंच. गाड्या आणि चालक अजून भलत्याच ठिकाणी असतात. काही फेऱ्या रद्दच राहतात, काही गाड्या मधूनच परत फिरवतात. पर्यायी मार्गाने अर्ध्यावर पोहोचला असाल तर पुन्हा मूळ मार्गाकडे वळू नका. नुकतेच निघत असाल तर गाडीच्या पाटीवरचं शेवटचं स्टेशन चढण्याआधी वाचा.

सूचनेचा स्क्रीनशॉट वेळेसकट ठेवा, आणि प्रवासाची सुरुवात व शेवट यांची नोंदही. लंडनमध्ये ट्यूब (तिथली मेट्रो) आणि डीएलआर (हलकी रेल्वे) यांवर 15 मिनिटं किंवा जास्त उशीर झाला आणि कारण संस्थेच्या हातातलं असेल तर भाड्याचा परतावा मागता येतो. त्यासाठी 28 दिवसांची मुदत आहे. लंडन ओव्हरग्राउंड आणि एलिझाबेथ लाइनसाठी ही मर्यादा 30 मिनिटांची आहे. जपानमध्ये रेल्वे कंपन्या उशिराचं प्रमाणपत्र देतात, स्टेशनवर कागदावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर. परीक्षा, मुलाखत किंवा आरक्षण चुकलं असेल तर तो कागद उपयोगी पडतो. स्टेशन सोडण्याआधीच मागून घ्या.